वळणावरची जाडी

ऑफिसात तिला सगळे जाडीताई म्हणत, आणि बाहेरून कुणी पहिल्यांदा तिला भेटायला आलं की हमखास फसायचं. कारण जाडीताई म्हणून जी समोर येऊन उभी राहायची ती अगदी काडी. मनगटातलं घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकायचं, ओढणी खांद्यावर ठरायची नाही. आलेला माणूस तिच्याकडे बघायचा, मग तिच्या मागे आणखी कुणी आहे का ते बघायचा, आणि खोलीतली पोरं संगणकाच्या पडद्याआड तोंड लपवून हसायची. तीही हसायची. पहिल्या वेळी मात्र हसली नव्हती. त्या दिवशी घरी जाऊन सासूबाईंना सांगताना तिचे डोळे भरून आले होते. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "निदान कुणी तरी तुला जाडी म्हणालं. मी बाई इतकी वर्षं तुला खायला घालून दमले." मग दोघी हसत सुटल्या.

हे नाव कसं पडलं ते सांगण्याआधी ती त्या ऑफिसात आली कशी ते सांगायला हवं. ती इंजिनियर होती. मुलींनी हातोडी-पान्याच्या वाटेला जायचं नसतं असं घरातले सगळे म्हणत असताना हट्टाने शिकली, चांगल्या गुणांनी पास झाली, एका कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात लागली. लग्न झालं, मुलगा झाला, तरी नोकरी चालू होती. मग सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली ती गेलीच. नवऱ्याची पाळीची नोकरी, कधी सकाळी, कधी दुपारी. मुलगा लहान. घरात कुणीतरी राहायला हवं होतं, आणि ते कोण याची चर्चासुद्धा झाली नाही. तिने राजीनामा दिला. तात्पुरता, असं सगळे म्हणाले. त्या तात्पुरत्यात मुलगा शाळा संपवून दुसऱ्या गावी शिकायलाही गेला.

सासूबाई तशा जिभेच्या तिखट. झटक्यानंतर हात-पाय गेले, बोलणं थोडं जड झालं, पण जिभेचा तिखटपणा होता तसाच राहिला. एका सकाळी चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "तू आता नोकरी बघ."

"आणि आई, तुमचं?"

"माझं काय? मी कुठे पळून जाणार आहे?"

तिला वाटलं थट्टा आहे. पण म्हातारीने मनावर घेतलं होतं. दिवसभरासाठी एक मदतनीस बाई तिनेच ओळखीतून शोधली, आपल्या मुलाला तिनेच पटवलं, आणि सून कां कू करायला लागली तेव्हा तिने जेवायचंच बंद करीन म्हणून धमकी दिली. शेवटी सुनेने आपली जुनी पुस्तकं माळ्यावरून खाली काढली, एका शिकवणीत जाऊन संगणकावरचं नवं काम शिकून घेतलं आणि अर्ज करत सुटली. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका लहानशा ऑफिसाने दिलं.

तिथलं काम असं. एखादी वस्तू बनवण्याआधी ती भार सोसेल का, कुठे वाकेल, कुठे तुटेल हे संगणकावर आधीच पाहायचं. त्यासाठी वस्तूचं चित्र बारीक बारीक चौकोनांच्या जाळीत विणायचं. त्याला सगळे मेश म्हणत. जाळी विणणं हे तिथलं सगळ्यात खालचं काम. शहाणी मंडळी निकाल काढत, अहवाल लिहीत, गिऱ्हाइकाशी बोलत; नवखे जाळी विणत. तिच्या शेजारी बसणारी पोरं तिच्या मुलाहून दोन-चार वर्षांनीच मोठी होती, आणि विभागप्रमुख, ज्याला सगळे सर म्हणत, तो तिच्या धाकट्या भावाच्या वयाचा. तो तिला ताई म्हणायचा आणि काम सांगताना थोडा अवघडायचा. तिला ते अवघडणं आवडायचं. निदान त्याला काही वाटतं तरी, असं ती घरी म्हणाली होती.

सुरुवातीलाच तिच्या हातात आली एक बेंच. दवाखान्यात वाट बघणारे लोक बसतात तसली, लोखंडी नळ्यांची. नळीची गंमत अशी की ती आतून पोकळ आणि तिची भिंत पातळ, म्हणून संगणकात ती सबंध भरीव उभी करत नाहीत. भिंतीच्या मधोमध एक नुसतं पापुद्र्यासारखं कवच धरायचं, त्यावर जाळी विणायची, आणि मग संगणकाला आकड्यात सांगायचं की या कवचाची जाडी अमुक. पापुद्र्याला स्वतःची जाडी नसतेच. तुम्ही दीड लिहा नाहीतर पंधरा लिहा, पडद्यावर नळी तशीच दिसते. जो आकडा द्याल त्यावर संगणक डोळे मिटून विश्वास ठेवतो.

तिने जाळी फार सुरेख विणली. इतकी सुरेख की शेजारची पोरं उठून बघायला आली. पण अर्ध्या नळ्यांना जाडी द्यायची ती विसरली, आणि तिथे संगणकाने आपला आधीपासूनचा, अगदी लहान आकडा राहू दिला. निकाल आला तो असा की तीन माणसं बसली तर बेंच जमिनीला टेकते. सरने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "ताई, ही बेंच आहे की झोपाळा?"

खोलीत हशा पिकला. तिचे कान तापले. पण सर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला, प्रत्येक नळीवर टिचकी मारून आत कुठला आकडा बसलाय ते कसं बघायचं ते त्याने दाखवलं, आणि स्वतः नवखा असताना त्याने एका टाकीची जाळी भिंतीच्या मध्याऐवजी बाहेरच्या पृष्ठावर विणून टाकी कशी फुगवून ठेवली होती तेही सांगितलं. त्या दिवसापासून तिला एक खोडच लागली. कुणीही नळीचं काम आणलं की तिचा पहिला प्रश्न, "जाडी किती?" चित्रात लिहिलेली असली तरी विचारायची. गिऱ्हाइकाचा फोन आला तरी नमस्काराच्या पाठोपाठ तेच. आठ-पंधरा दिवसांत तिचं बारसं होऊन गेलं.

मग ऑफिसात चाकाच्या खुर्चीचं काम आलं.

गावाबाहेरच्या एका लहान कारखान्याला नव्या बनावटीची खुर्ची काढायची होती. घडी होणारी, हलकी. कारखान्याचा मालक स्वतः चित्रं घेऊन आला, घाईघाईने बोलणारा, सारखा रुमालाने मान पुसणारा माणूस. हे काम आपल्याला द्या असं तिने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने मागितलं. सरने कारण विचारलं तेव्हा तिने सांगितलं की तसली एक खुर्ची तिच्या घरी आहे. दारापुढे पायऱ्या आहेत, आणि सासूबाईंना बाहेर न्यायचं तर आधी म्हातारीला खाली उतरवून पायरीवर बसवायचं, मग खुर्ची उचलून न्यायची. नवरा घरी असला तर तो, नाहीतर ती. खुर्ची उचलल्यावर दोन दिवस कंबर धरून चालते.

"मग करा तुम्हीच," सर म्हणाला, "आणि एकदा कारखाना बघून या."

कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. एका टोकाला नळ्या कापायचं यंत्र, मग त्या वाकवायचं, आणि दुसऱ्या टोकाला हिरव्या पडद्यामागे वेल्डिंग. तिथला वेल्डर साठीकडे झुकलेला, बुटका, भुवया जळून विरळ झालेल्या. त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण त्याच्या हाताखाली शिकून गेलेले वेल्डर आसपासच्या सगळ्या शेडमध्ये होते. त्याने तिच्या हातात काळ्या काचेचा मुखवटा दिला आणि म्हणाला, "बघा, पण नुसत्या डोळ्यांनी बघू नका. रात्रभर रडाल, आणि घरचे मला शिव्या देतील." काचेतून तिने पाहिलं. अंधारात एक हिरवट ठिणगी सावकाश सरकत होती आणि तिच्या मागे धातू वितळून लगेच थिजत होता, एकावर एक रचलेल्या नाण्यांच्या चळतीसारखा. बोलता बोलता तिने घरच्या खुर्चीचा पाय ठेवायचा भाग ढिला झाल्याचं सांगितलं. तो म्हणाला, घेऊन या. पुढच्या खेपेला तिने खुर्ची खरोखरच नेली. मालक जेवायला गेल्याचं बघून मास्तरने तो भाग जोडून दिला, वर हाताचा भार टाकून पाहिला, आणि पैशाचं विचारल्यावर असा चेहरा केला की तिने पुढे शब्द काढला नाही. "सासूबाईंना सांगा, लाथ मारली तरी तुटायची नाही," तो म्हणाला. तिने निरोप पोचवला. सासूबाई म्हणाल्या, "लाथ मारता आली असती तर खुर्ची लागली असती का?" पण खूश झाल्या.

खुर्चीची जाळी तिने मन लावून विणली. नळीची जाडी दीड मिलीमीटर. चित्रात तशी होती, फोनवर तिने मालकाला पुन्हा विचारून घेतली, प्रत्येक नळीत आकडा बसलाय का ते एकेक करून पाहिलं. निकाल चांगला आला. बसायच्या जागेपुढे नळी खाली वळते त्या वळणावर ताण जास्त होता, पण हद्दीत. सरने अहवालावर सही केली, कारखान्यात पहिल्या खुर्च्या तयार झाल्या आणि एक चाचणीला गेली.

चाचणीचं यंत्र अगदी निर्दय असतं. खुर्चीत माणसाच्या वजनाचा पुतळा बांधतात आणि खाली फिरत्या रुळांवर पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यावरून खुर्ची दिवसरात्र धडधडत पळते. वर्षानुवर्षांचे खड्डे आणि उंबरे थोड्या दिवसांत खाते. ही खुर्ची निम्म्या वाटेतच मोडली. त्याच पुढच्या वळणापाशी, आणि वेल्डपासून जेमतेम बोटभर अंतरावर.

मालकाचा फोन आला तेव्हा त्याने कारणही स्वतःच सांगून टाकलं. तुमच्या अहवालात वळण हद्दीत आहे, म्हणजे वळण ठीक. नळी नवी, म्हणजे नळी ठीक. उरलं काय, तर वेल्डिंग. मास्तरचं वय झालं. सरलाही ते पटलं. वेल्डच्या आजूबाजूचा धातू तापून कमजोर होतो हे खोटं नव्हतं, आणि तडा होता तिथेच. मग मोडकी खुर्ची ऑफिसात आली, जपून ठेवा म्हणून कोपऱ्यात ठेवली गेली, आणि येता-जाता तिला सगळ्यांच्या ठेचा लागू लागल्या.

त्याच आठवड्यात कळलं की मास्तरने काम सोडलं. मालकाने काढलं नव्हतं. बोलला होता खूप, सगळ्यांदेखत, पण काढलं नव्हतं. मास्तरनेच हातमोजे टेबलावर ठेवले, म्हणाला की नजर गेली असेल माझी, उद्या कुणी माणूस पडायचा, आणि डबा उचलून निघून गेला.

ही बातमी तिला लागली. दुपारी सगळे जेवायला गेले तेव्हा ती त्या मोडक्या खुर्चीपाशी जाऊन उकिडवी बसली. नुसतं बघायला म्हणून. वेल्ड तिने ओळखलं, तीच नाण्यांची चळत, कुठे खंड नाही. तडा त्याच्या अलीकडे होता, वळणाच्या बाहेरच्या अंगाला, नळीला आडवा. तिने तड्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट मागे घेतलं, कारण कड पत्र्याच्या डब्याच्या झाकणासारखी पातळ लागत होती. मग नळीच्या सरळ भागाचं कापलेलं टोक चाचपलं. ते जाड होतं. पुन्हा तडा, पुन्हा टोक. जेवून परत आलेल्या पोरांनी तिला तशी बसलेली पाहिली आणि ताईचं काही हरवलंय का म्हणून तीही खाली वाकली.

तिने सरला बोलावलं. तो आला, त्यानेही बोट फिरवलं.

"नळी वाकवताना बाहेरची बाजू ताणली जाते," तो हळूहळू म्हणाला. "ताणली की पातळ होणारच. ताई, हे आपण दोघंही शिकलोय. परीक्षेत लिहिलंयसुद्धा."

"आणि जाळीत मी सगळीकडे दीड लिहिलं."

"चित्रात तेच होतं. आणि सही माझी आहे." त्याने बाही वर केली. "कापून बघू."

खालच्या मजल्यावरच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी वळणाच्या मधोमध नळी आडवी कापली आणि कडेकडेने मापली. बाहेरच्या अंगाला दीडच्या जागी एकाहून थोडीच जास्त. आतल्या अंगाला उलट, धातू दाबून जवळजवळ दोन. नळी गोलही राहिली नव्हती, जराशी चपटी झाली होती. सरने मापं वाचली, ती लिहीत गेली, आणि मध्येच दोघांनी एकमेकांकडे पाहिलं ते परीक्षेत नापास झालेल्या पोरांसारखं.

मग तिने जाळी पुन्हा घेतली. वळणावरची नळी लांबट पट्ट्यांमध्ये विभागली आणि प्रत्येक पट्टीला तिची मापलेली जाडी दिली, बाहेरून आत चढत जाणारी. चौकोन हलवले, नळी होती तेवढी चपटी केली. पडद्यावर यातलं फारसं काही दिसत नव्हतं. खुर्ची होती तशीच. संध्याकाळी निघायच्या सुमारास निकाल आला आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक लाल ठिपका उमटला, म्हणजे तिथे ताण हद्दीबाहेर. मोडकी नळी शेजारी धरून सरने ठिपका आणि तडा जुळवून पाहिले. वेल्ड मात्र पडद्यावर निळ्या रंगात शांत होतं.

घरी येऊन तिने सासूबाईंना भरवता भरवता सगळं सांगितलं. म्हातारीला ताण आणि पट्ट्या कळल्या नाहीत, पण मुद्दा कळला.

"म्हणजे त्या मास्तरची चूक नव्हती."

"नव्हती."

"त्याला सांगितलंस?"

"आजच तर कळलं, आई. आधी मालकाला..."

"मालकाची झोप कुठे उडालीय?" सासूबाई म्हणाल्या, आणि पुढचा घास त्यांनी तोंड फिरवून नाकारला.

पण मालकाला आधी सांगणं भाग होतं. तो ऑफिसात आला, त्याने नळीचा कापलेला तुकडा उलटसुलट करून पाहिला, कपाळाचा घाम पुसला. माणूस वाईट नव्हता. मास्तरला आपण काय काय बोललो ते त्याला आठवत असावं, कारण बराच वेळ तो तुकड्यावरून मान वर करेना. मग त्याने झटक्यात तोड काढली. सगळीकडे जाड नळी वापरू. वळणावर पातळ झाली तरी पुरेशी उरेल. काम फत्ते.

सर मान डोलावणार होता. हिशोबाने ते बरोबरच होतं. तेवढ्यात ती बोलली. तिने सांगितलं की पातळ झालंय ते वळण, आणि जाड करणार आपण सगळी खुर्ची. वळणच जरा ऐसपैस घेतलं तर बाहेरची बाजू इतकी ताणली जाणार नाही. ते तिने संगणकावर करून पाहिलंय, वजन न वाढवता निभतंय.

मालक म्हणाला, ऐसपैस वळणासाठी नवा साचा लागेल, त्यात महिने जातील. शिवाय जाड नळीने वजन वाढून वाढून किती वाढणार? खुर्चीत बसणाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

"बसणाऱ्याला नाही कळणार," ती म्हणाली. "उचलणाऱ्याला कळेल. आमच्या घरी मी उचलते."

मालकाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या मनगटाकडे, घड्याळाकडे. तुकडा टेबलावर ठेवला, बघतो म्हणाला आणि गेला. ती दिवसभर बेचैन होती. आपण गिऱ्हाईक घालवलं असं तिला वाटत राहिलं, आणि सरने दोनदा येऊन तसं काही नाही म्हटल्यावर तर खात्रीच पटली.

चार दिवसांनी मालकाचा फोन आला. रुग्णांच्या खाटेचे कठडे पूर्वी तो बनवायचा, त्यांचा जुना साचा शेडच्या मागे गंजत पडला होता. त्याचं वळण मोठं होतं. पॉलिश करून त्याने एक नळी वाकवून पाहिली होती. पाय ठेवायचा भाग किंचित पुढे सरकेल, पण चालेल का, बघून सांगा. तिने वाकवलेली नळीच मागवली, कापली, मापली, आणि ती जाडी जाळीत घातली. ठिपका पिवळ्यावर आला, म्हणजे हद्दीत.

फोन ठेवण्याआधी तिने मास्तरचं विचारलं. मालक घुटमळला. आपण दोनदा फोन केला, तो उचलत नाही, म्हणाला. मग त्याने पत्ता सांगितला. मास्तर आता दुसऱ्या बाजूच्या वस्तीत दारा-खिडक्यांच्या जाळ्या बनवणाऱ्याकडे बसतो, असं ऐकलंय.

सुट्टीच्या दिवशी ती गेली. दोन बस बदलून, पिशवीत तो कापलेला तुकडा घेऊन. दुकान रस्त्यावरच होतं, पुढे फुटपाथवर तयार फाटकं भिंतीला टेकून ठेवलेली. मास्तर बाकड्यावर बसून एका गजाचं टोक घासत होता. डोळ्यांवर चष्मा, नवा कोरा, नाकावर अजून न बसलेला. तिला बघून तो उठला, घाईघाईने बाकडं पुसलं आणि पहिली विचारपूस केली ती खुर्चीच्या पाय ठेवायच्या भागाची. तिने ठीक आहे म्हणून सांगितलं. मग तुकडा काढून त्याच्या हातात दिला.

त्याने तो उजेडाकडे धरला. चष्मा वर केला, खाली केला. वेल्डवरून अंगठा फिरवला, पुढे गेला, तड्याशी थांबला.

"वेल्ड धरलंय," तो म्हणाला.

"धरलंय. वेल्डला काहीच झालेलं नाही. वळणावर नळीच पातळ झाली होती, ती फाटली."

तो खाली बसला. तुकडा हातात फिरवत राहिला. मग त्याने सांगितलं ते तिच्याकडे न बघता. काम सोडल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होता. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने नजर चांगली आहे, वाचायला चष्मा घ्या. त्याला वाटलं, डॉक्टर बरं वाटावं म्हणून बोलतोय. मग रात्री अंथरुणात त्याला जुनी कामं आठवायला लागली. शाळेच्या जिन्याचा कठडा, पाण्याच्या टाकीखालचा लोखंडी घोडा, एका पाळण्याची साखळी. कुठे कुठे आपलं वेल्ड आहे आणि त्यावर कोण उभं असेल, हे मोजत तो पडून राहायचा. एकदा तर त्या शाळेच्या जिन्यापाशी जाऊन कठडा हलवून आला होता. चौकीदाराने हटकलं.

"हलला का?" तिने विचारलं.

"छे." तो हसला, पहिल्यांदाच. "चौकीदार हलला."

मग त्याने विचारलं की चूक नेमकी कुणाची. तिने तुकड्याकडे पाहत सांगितलं की वळणावर किती जाडी उरते हे मापायला हवं होतं, ते तिने मापलं नव्हतं. चित्रातला आकडा लिहिला होता. सरने, मालकाने, कुणीच मापलं नव्हतं, पण आकडा लिहिणारा हात तिचा होता, आणि त्यापायी त्याला ऐकून घ्यावं लागलं, म्हणून ती स्वतः आली.

मास्तर गजाचं टोक घासायला लागला होता. थांबला. "तुम्ही आलात," तो म्हणाला. "फोनवरही सांगता आलं असतं." एवढं बोलून त्याने दुकानातल्या पोऱ्याला न पाठवता स्वतःच उठून समोरच्या टपरीवरून दोन चहा आणले. चहा पिताना तिने मालक बोलावतोय असं सांगितलं. त्याने मान हलवली, नाही. इथून घर जवळ आहे, बायकोचे गुडघे दुखतात, दुपारी जाऊन येता येतं. शिवाय सगळ्यांदेखत ऐकलेलं तो विसरेल, पण ज्यांनी ऐकलं ते विसरणार नाहीत. मालकावर राग आहे का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, होता, पण तो स्वतःवरच इतका होता की मालकापर्यंत पोचलाच नाही.

तुकडा ठेवून घेऊ का, असं त्याने विचारलं. तिने ठेवा म्हटलं.

पुढे खुर्ची चाचणीत पास झाली. रुळांवर ठरलेलं सगळं अंतर पळाली आणि नंतरही थोडी पळाली. मास्तर कारखान्यात परतला नाही, पण मालक एकदा स्वतः त्या दुकानात जाऊन आला. काय बोलणं झालं ते कुणाला माहीत नाही. एवढं खरं की त्यानंतर दर आठवड्याला एक सकाळ मास्तर शेडमध्ये येतो, हिरव्या पडद्यामागे नव्या वेल्डरच्या शेजारी उभा राहतो आणि त्याचं काम बघतो. शेडमधल्यांसमोर मालक त्याला खुर्ची देतो, स्वतः उभा राहतो.

ऑफिसात सरने नियमच केला. वाकवलेल्या नळीचं काम आलं की नमुना मागवायचा, कापायचा, मापायचा, मग जाळी. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पण नमुने पाठवतात. कापायची आणि मापायची जबाबदारी जाडीताईकडे आहे, आणि हाताखाली दोन जण दिलेत. ती त्यांना पहिल्या दिवशी डोळे मिटून कडेवरून बोट फिरवायला लावते. बोट कापेल म्हणून ती आधी सांगते, तरी एकाचं कापतंच, आणि मग ती आपल्या टेबलाच्या खणातून चिकटपट्टी काढून स्वतः लावून देते.

सासूबाईंना नवी खुर्ची आली ती हिवाळ्यात. त्यांनी बसून पाहिलं, पाय ठेवायची जागा थोडी पुढे आहे म्हणून तक्रार केली, आणि मग म्हणाल्या की चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ. नवरा कामावर होता. सुनेने म्हातारीला पायरीवर बसवलं, खुर्ची घडी करून एका हाताने खाली नेली, त्यांना पुन्हा तीत बसवलं, आणि दोघी निघाल्या. रस्त्यावर ऊन चांगलं पडलं होतं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला थांबवून बोलत होत्या, त्यामुळे कोपऱ्यापर्यंत पोचायला त्यांना बराच वेळ लागला.